गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन: कोणती स्ट्रिप घ्यावी, कोणती काउंटरवरच परत करावी

मेडिकलमध्ये जाऊन ‘गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन द्या’ म्हटलं की चार अगदी वेगळ्या तऱ्हेचा माल पुढे येतो. पहिली तऱ्हा म्हणजे नुसतं ग्लुकोसामाइन सल्फेट, गोळीत किंवा पाण्यात विरघळवायच्या पुडीत. दुसरी म्हणजे ग्लुकोसामाइन हायड्रोक्लोराइडसोबत कॉन्ड्रॉइटिन (प्राण्यांच्या कूर्चेतून काढलेला पदार्थ) आणि एमएसएम हे गंधकयुक्त पूरक. परदेशातून येणाऱ्या दोनशे-तीनशे गोळ्यांच्या मोठ्या बाटल्या बहुतेक याच जातीच्या. तिसरी म्हणजे ग्लुकोसामाइन आणि डायसेरिन एकत्र असलेली स्ट्रिप. चौथी म्हणजे कोलॅजेन, शल्लकी, हळद, ड जीवनसत्त्व आणि त्यात चवीपुरतं ग्लुकोसामाइन घातलेलं ‘जॉइंट केअर’ मिश्रण. पुढच्या बाजूला सगळ्यांवर तेच नाव ठळक छापलेलं असतं. फरक मागच्या बारीक अक्षरांत असतो, आणि पैसे वाया जाणं किंवा तब्येतीला त्रास होणं हे त्या बारीक अक्षरांवरच ठरतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. गुडघ्याची झीज सौम्य ते मध्यम असेल, तर पहिल्या तऱ्हेचं ग्लुकोसामाइन सल्फेट रोज १५०० मिलिग्रॅम तीन महिने घेऊन बघायला हरकत नाही. दुसऱ्या तऱ्हेवर खर्च करावा असा पुरावा फार थोडा आहे. तिसरी तऱ्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊच नये. चौथी सरळ शेल्फवर ठेवून यावी.

ग्लुकोसामाइन म्हणजे एक अमिनो साखर. आपल्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तरात, जे मोठे रेणू पाणी धरून ठेवतात ते बनवायला शरीर ती स्वतःच तयार करतं. गोळीतली मात्र बहुतेक वेळा कोळंबी, खेकडे, शेवंड यांच्या कवचातल्या कायटिनपासून काढलेली असते. मक्यावर बुरशी वाढवून किण्वनाने काढलेलीही मिळते. ‘बाहेरून घेतलं की कूर्चा भरून येते’ असा समज या सगळ्या व्यापाराच्या मुळाशी आहे, पण झिजून गेलेली कूर्चा या गोळीने परत उगवत नाही. प्रश्न एवढाच असतो की दुखणं थोडं कमी होतं का आणि झीज थोडी मंदावते का.

आता लेबलवरचं गणित. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. शुद्ध ग्लुकोसामाइन सल्फेट हवेतला ओलावा चटकन ओढतं आणि खराब होतं, म्हणून ते पोटॅशियम क्लोराइड किंवा सोडियम क्लोराइड, म्हणजे साधं मीठ, सोबत घेऊन स्थिर केलेलं असतं. त्यामुळे ‘ग्लुकोसामाइन सल्फेट पोटॅशियम क्लोराइड १५०० मिग्रॅ’ असं लिहिलेलं असेल तर त्यात सल्फेट साधारण ११३० मिग्रॅच असतं, उरलेलं मीठ. मूळ ग्लुकोसामाइन पाहिलं तर फक्त ८९० मिग्रॅच्या आसपास. संशोधनात वापरलेला १५०० मिग्रॅचा डोस मात्र मीठ वगळून मोजलेला होता. इटलीच्या रोट्टा कंपनीची जी पुडी त्या अभ्यासांत दिली गेली, तिच्यात एकूण १८८४ मिग्रॅ पावडर असते: १५०० सल्फेट आणि ३८४ सोडियम क्लोराइड. तेव्हा लेबलवर ‘इक्विव्हॅलंट टू ग्लुकोसामाइन सल्फेट १५०० मिग्रॅ’ असा उल्लेख शोधावा. तो नसेल आणि नुसतं क्षारासकट वजन दिलेलं असेल, तर पोटॅशियमवाल्या प्रकाराचा पूर्ण डोस जवळजवळ २००० मिग्रॅ होतो.

दुसरी खाच ‘सर्व्हिंग’ या शब्दात. पुढे १५०० छापलेलं आणि मागे ‘सर्व्हिंग साइझ: २ टॅब्लेट्स’, कधी तीनसुद्धा. तीस गोळ्यांची बाटली मग पंधरा किंवा दहा दिवसांत संपते. किमतीची तुलना बाटलीवर करू नये. एका दिवसाच्या पूर्ण डोसला किती रुपये पडतात तेच बघावं: बाटलीची किंमत भागिले गोळ्यांची संख्या, गुणिले रोजच्या गोळ्या. ६०० रुपयांची साठ गोळ्यांची बाटली, रोज दोन गोळ्या, म्हणजे दिवसाला २० रुपये. ४५० रुपयांची तीस गोळ्यांची बाटली, रोज तीन गोळ्या, म्हणजे दिवसाला ४५. दुकानात स्वस्त दिसते ती दुसरी. आणि ज्या डबीवर घटक वेगवेगळे न देता ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ असा एकच आकडा टाकलेला असतो, ती घेऊच नये. त्यात ग्लुकोसामाइन किती हे कळण्याचा मार्गच नसतो.

गुण येतो का? या विषयात जगभरात इतकं संशोधन झालंय की दोन्ही बाजूंना हवे ते कागद मिळतात. म्हणून कोणत्या प्रकारावर, सल्फेटवर की हायड्रोक्लोराइडवर, कोणता अभ्यास झाला हे लक्षात ठेवून वाचावं लागतं. २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात २१२ जणांना तीन वर्षं सल्फेट किंवा खोटी, म्हणजे औषध नसलेली, गोळी दिली. खोटी गोळी घेणाऱ्यांच्या गुडघ्यातली हाडांमधली फट (ती जितकी कमी, तितकी कूर्चा झिजलेली) सरासरी ०.३१ मिमी कमी झाली, सल्फेट घेणाऱ्यांची ०.०६ मिमी. त्यावरून मोठा गाजावाजा झाला. मात्र त्या अभ्यासाला आधार औषध बनवणाऱ्या कंपनीचाच होता, हेही विसरता येत नाही.

मग अमेरिकेत सरकारी खर्चाने ‘गेट’ हा मोठा अभ्यास झाला. त्याचा निकाल २००६ मध्ये आला. त्यात १५८३ माणसं होती, कालावधी २४ आठवडे, आणि वापरलं होतं हायड्रोक्लोराइड, ५०० मिग्रॅ दिवसातून तीनदा. दुखणं निदान २० टक्के कमी झालेल्यांचं प्रमाण खोट्या गोळीवर ६० टक्के, ग्लुकोसामाइनवर ६४, ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन दोन्ही घेतल्यावर ६६.६ आणि सेलेकॉक्सिब या वेदनाशामकावर ७० टक्के. म्हणजे दोन्ही एकत्र घेऊनही खोट्या गोळीपेक्षा निश्चित वरचढ म्हणता येईल असा फरक दिसला नाही. ज्यांचं दुखणं मध्यम ते तीव्र होतं अशा ३५४ जणांच्या गटात मात्र एकत्रित गोळीवर ७९ टक्क्यांना आराम पडला, खोट्या गोळीवर ५४ टक्क्यांना. विक्रेते नेमका हाच आकडा दाखवतात. अभ्यासातला एक छोटा गट वेगळा काढून मिळालेला आकडा म्हणजे पक्का निष्कर्ष नव्हे, तो पुढे तपासून पाहण्याचा मुद्दा असतो. पुढे २०१० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने दहा अभ्यासांतले ३८०३ रुग्ण एकत्र धरले, तेव्हा रुग्णाला जाणवेल इतका फायदा दिसला नाही.

म्हणूनच तज्ज्ञांच्या संस्थांतही एकमत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजीने २०१९ मध्ये गुडघा, खुबा, हात यांपैकी कशासाठीही ग्लुकोसामाइन देऊ नये असं ठामपणे म्हटलं. ब्रिटनची नाइस ही संस्थाही देऊ नका म्हणते. युरोपातली एस्सिओ मात्र चिठ्ठीवर मिळणारं स्फटिकरूप सल्फेट सुरुवातीच्या उपचारांत धरते, आणि दुकानात सुटं मिळणारं पूरक त्याच्या बरोबरीचं मानत नाही. आम्ही सल्फेटला फक्त ‘करून बघायला हरकत नाही’ इतकीच शिफारस देतो ती यामुळे. याहून जास्त वचन जो विक्रेता देतो, त्याच्याकडे त्यासाठी कागद नाही.

तिसऱ्या तऱ्हेकडे थोडं थांबून बघायला हवं, कारण आपल्याकडे सर्रास खपते ती हीच. तिच्यात साधारणपणे डायसेरिन ५० मिग्रॅ आणि ग्लुकोसामाइन ७५० मिग्रॅ, कधी सोबत एमएसएम, दिवसातून दोनदा घ्यायची. डायसेरिन हे पूरक नाही, ते औषध आहे. त्याने हमखास होणारा त्रास म्हणजे जुलाब, तेही कधी कधी इतके की म्हाताऱ्या माणसाला पाणी आणि क्षार कमी पडून सलाइन लावायची वेळ येते. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये ६५ वर्षांवरच्यांना ते देणं योग्य नाही, यकृताचा आजार असलेल्यांना देऊ नये, सुरुवात रोज ५० मिग्रॅपासूनच करावी आणि जुलाब लागताच बंद करावं असं सांगितलं. ६५ पुढच्या आजी-आजोबांना ‘गुडघ्याची साधी गोळी’ म्हणून जी स्ट्रिप वर्षानुवर्षं आणून दिली जाते, ती नेमकी हीच असू शकते. या गोळीने लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते. ते औषधाच्या रंगामुळे असतं, पण हे माहीत नसल्याने घरात घबराट होते, किंवा उलट कावीळ झालेली असताना ‘गोळीचा रंग’ म्हणून दुर्लक्ष होतं. डोळे पिवळे दिसत असतील तर गोळीचा रंग हे कारण नाही, तपासणी करून घ्यावी. घरी चालू असलेली स्ट्रिप आत्ता उलटून पाहा. डायसेरिन लिहिलेलं असेल आणि घेणारी व्यक्ती पासष्टीपुढची असेल, तर पुढची स्ट्रिप आणण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

नुसतं ग्लुकोसामाइन तसं सौम्य आहे. तीन-तीन वर्षांच्या अभ्यासांत त्याचा त्रास खोट्या गोळीइतकाच दिसला. जळजळ, मळमळ, पोट फुगणं, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, एवढंच. जेवणानंतर घेतलं तर बहुतेकांचं हे थांबतं. पण काही लोकांसाठी ते खरोखर धोक्याचं ठरू शकतं, आणि डबीवर ही माणसं नीट सांगितलेली नसतात.

सगळ्यात वर रक्त पातळ करणारी वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिनोकूमारॉल घेणारे. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेले, पायाच्या शिरेत गाठ होऊन गेलेले रुग्ण यांत येतात. ग्लुकोसामाइन सुरू केल्यावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वाढल्याच्या आणि रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. अशांनी हे टाळावंच. डॉक्टरांच्या संमतीने घ्यायचं ठरलं, तरी सुरू करताना आणि बंद करताना दोन्ही वेळा आयएनआर तपासावा. बंद करताना तो खाली येऊ शकतो, आणि झडपवाल्यांसाठी तेही तितकंच वाईट.

मधुमेहींना ‘ही साखर आहे’ म्हणून घाबरवलं जातं. नियंत्रणात असलेल्या मधुमेहींना तीन महिने दिल्यावर एचबीए१सीमध्ये, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीत, लक्षणीय फरक दिसलेला नाही. तरी ज्यांची साखर आधीच वरखाली होते त्यांनी पहिले काही आठवडे घरच्या मशीनवर नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजावी, म्हणजे शंका उरत नाही.

कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांचा प्रश्न कोकणात आणि गोव्यात हमखास येतो. ही अ‍ॅलर्जी मुख्यतः मांसातल्या प्रथिनाची असते आणि गोळी बनते कवचापासून. अ‍ॅलर्जी असलेल्यांवरच्या लहान चाचण्यांत त्रास झाला नाही. पण ज्यांना कोळंबीने नुसत्या गांधी उठत नाहीत तर घसा सुजतो, श्वास अडकतो, त्यांनी ही परीक्षा घरी करू नये. त्यांच्यासाठी मक्यापासून केलेला प्रकार मिळतो, तोच घ्यावा. दमा असलेल्यांनीही छातीत घरघर वाढते का यावर लक्ष ठेवावं.

पोटॅशियमवाल्या सल्फेटच्या पूर्ण डोसमधून रोज अडीचशे मिग्रॅच्या आसपास पोटॅशियम पोटात जातं. मूत्रपिंड धड असलेल्या माणसाला ते एका केळ्याहून कमीच. पण क्रिएटिनिन वाढलेलं असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या रक्तातलं पोटॅशियम वाढवू शकणाऱ्या रक्तदाबाच्या औषधांतलं काही चालू असेल, तर ते हिशेबात धरावं लागतं. सोडियमवाल्या पुडीतून रोज साधारण दीडशे मिग्रॅ सोडियम जातं. ज्यांना डॉक्टरांनी मीठ मोजून खायला सांगितलंय त्यांनी ते मोजावं. काही पुड्यांत गोडीसाठी अ‍ॅस्पार्टेम किंवा सॉर्बिटॉल असतं, तेही वाचावं. काचबिंदू असणाऱ्यांच्या डोळ्यातला दाब काही लहान अभ्यासांत वाढलेला दिसला, म्हणून सुरू करण्याआधी नेत्रतज्ज्ञांना सांगून पुढच्या तपासणीत दाब मोजून घ्यावा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊ नये.

एक वेगळा आणि मोठा धोका म्हणजे लेबलवर नसलेलं औषध. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ‘आर्ट्री किंग’ नावाच्या, ग्लुकोसामाइनचं पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सापडल्याचं जाहीर केलं. यकृत बिघडल्याच्या आणि मृत्यूच्याही तक्रारी आल्या होत्या. आपल्याकडेही बिनलेबलच्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टिरॉइड सापडत आलेलं आहे. ओळख सोपी आहे. खऱ्या ग्लुकोसामाइनचा गुण, येणार असेल तर, सहा-आठ आठवड्यांनी हळूहळू जाणवतो. तीन दिवसांत दुखणं पार गेलं, भूक वाढली, चेहरा गोल दिसू लागला, साखर चढली, तर गोळीत दुसरंच काहीतरी आहे. अशी गोळी बरेच दिवस घेतली असेल तर ती एकाएकी बंदही करू नये. स्टिरॉइड अचानक तोडल्याने रक्तदाब कोसळू शकतो. गोळ्या घेऊन थेट डॉक्टरांकडे जावं.

शाकाहारी घरांसाठी: हिरवा ठिपका असेल तर ग्लुकोसामाइन मक्याचं असायला हवं आणि कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं नसावं. कॉन्ड्रॉइटिन मात्र जवळजवळ नेहमी गाय, डुक्कर, कोंबडी किंवा शार्क यांच्या कूर्चेपासून येतं. त्यामुळे हिरवा ठिपकाही आहे आणि कॉन्ड्रॉइटिनही आहे अशी डबी दिसली, तर उत्पादकाला स्रोत लेखी विचारावा. परदेशी बाटल्यांवर तर ठिपकाच नसतो. कॉन्ड्रॉइटिन महाग असल्यामुळे त्यात स्वस्त भेसळ झाल्याचेही प्रकार घडलेले आहेत. दुसऱ्या तऱ्हेच्या मालावर आमचा भरवसा कमी असण्याचं हेही एक कारण. अमेरिकेतून बाटली मागवायचीच असेल तर तिच्यावर यूएसपी या स्वतंत्र दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या पडताळणीची खूण आहे का ते बघायला सांगावं, कारण तिथे पूरकांना बाजारात येण्याआधी सरकारी मंजुरी लागत नाही. भारतातल्या डबीवर एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ ही ओळ असायला हवी. ती ओळ असूनही पुढे ‘संधिवात बरा करतो’ छापलेलं असेल, तर ती डबी नियम मोडते आहे. आत काय भरलंय याबद्दलही मग तिच्यावर विश्वास ठेवू नये.

घ्यायचं कसं: पूर्ण डोस दिवसातून एकदा, जेवणानंतर. रक्तात ते बऱ्यापैकी टिकतं, त्यामुळे तीन वेळा विभागायची गरज नाही. गोळी बोटाच्या पेराएवढी मोठी असते. गिळायला अडचण असणाऱ्या वृद्धांना पुडी बरी, ग्लासभर पाण्यात पूर्ण विरघळवून. पावसाळ्यात, त्यातही किनारपट्टीवर, मोठी बाटली घेऊ नये. रोज उघडझाक होऊन ओल जाते, गोळ्या तपकिरी पडतात, एकमेकींना चिकटतात. अशा टाकून द्याव्यात. स्ट्रिप किंवा सुट्या पुड्या सुरक्षित. बाटलीतली सिलिका जेलची पुडी फेकू नये.

आणि वहीत नोंद ठेवावी. सुरू करायच्या दिवशी जिना उतरताना, खुर्चीतून उठताना आणि अर्धा तास चालल्यावर दुखणं दहापैकी किती, हे लिहावं. आठवड्यातून किती वेदनाशामक लागतात तेही. दर महिन्याला पुन्हा. तीन महिन्यांनी आकडे किमान दोनाने उतरले नसतील आणि वेदनाशामक तेवढंच लागत असेल, तर बंद करावं. ‘अजून थोडे दिवस’ करत वर्ष काढण्यात अर्थ नाही. सकाळी तासभर बोटं आखडलेली राहणं, एखादा सांधा लाल, गरम, सुजलेला असणं, रात्रीत पायाचा अंगठा ठणकू लागणं ही झिजेची लक्षणं नाहीत. तिथे हा तीन महिन्यांचा प्रयोग करणं म्हणजे खऱ्या आजाराला मोकळं रान देणं. आधी र्‍हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचे तज्ज्ञ.

ज्या पैशांत वर्षभराचं पूरक येतं, त्यात फिजिओथेरपिस्टच्या काही भेटी होतात, आणि त्यांचा पुरावा या गोळीपेक्षा कितीतरी पक्का आहे. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करून पाच-दहा सेकंद ताणून धरायचा, दहा वेळा, मग दुसरा, दिवसातून दोनदा. एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. खाली मांडी घालून बसण्याऐवजी खुर्ची, भारतीय बैठकीऐवजी कमोड, दुखेल तेव्हा वरून लावायचं डायक्लोफेनॅक जेल. हे सगळं गोळी चालू असो वा नसो, करायचंच.

ऑपरेशन ठरलेलं असेल, मग ते गुडघ्याचं असो, मोतीबिंदूचं किंवा दाताचं, तर दोन आठवडे आधी ग्लुकोसामाइन थांबवावं आणि भूलतज्ज्ञांना गोळ्यांची यादी देताना त्यात हेही लिहावं. पूरक आहे म्हणून बहुतेक जण सांगतच नाहीत.